वाजिब-उल-अर्ज

बी.एड. झालेल्या उर्दू शिक्षकाने पुढे काय शिकावे, याविषयी आमच्या समाजात फारसे मतभेद नाहीत. पुरुष असेल तर त्याने एम.एड. करावे, म्हणजे कधीतरी हेडमास्तर होता येते. बाई असेल तर काही करू नये; नोकरी आहे, पगार होतो, अल्लाहचे शुक्र मानावे. आम्ही बाई आहोत. चंद्रपुरातल्या एका अनुदानित उर्दू शाळेत २०१२ पासून सहावी ते आठवीच्या वर्गांना इतिहास-भूगोल शिकवतो. त्यामुळे 'सार्वजनिक धोरण' या विषयात एम.ए. करावे म्हणतो, असे आम्ही स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाजी, ये पॉलिसी एलआयसीवाली है क्या?" दुसरा प्रश्न अधिक व्यवहारी होता. त्याने वेतनवाढ मिळते का? मिळत नाही. मग चहा आला आणि विषय संपला.

('आम्ही' लिहितो म्हणून कोणी गैरसमज करून घेऊ नये. घरात 'हम' म्हणत वाढलो, मराठीत लिहितानाही 'मी' हातातून उतरत नाही. शिवाय या गोष्टीत आमचे शौहर, अब्बा, मामू, शाळेतल्या दोघी-तिघी अशी बरीच माणसे आहेत.)

ही इच्छा उगाच झाली नव्हती. आमचे मामू वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतात. गाव गोंडांचे, मुसलमानांची घरे तीन. खानदानी धंदा पिंजाऱ्याचा. कापूस पिंजणारी माणसे जंगलात कशाला गेली असे कोणी विचारू नये, थंडी जंगलातही पडते. यंत्रे आली, गाद्या बाजारात तयार मिळू लागल्या आणि धनुकली भिंतीला टांगली गेली. नाना त्याआधीच गावाशेजारच्या दोन एकर वनजमिनीवर धान पेरू लागले होते, मामूंनी तेच पुढे चालवले. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याचे नियम २००८ मध्ये निघाले, तेव्हा गावाबरोबर मामूंनीही दावा टाकला. शेजाऱ्यांचे दावे मंजूर झाले. मामूंचा अमान्य झाला. लेखी काही मिळाले नाही. '७५ वर्षांचा पुरावा नाही' एवढेच कोणाच्या तरी तोंडून कळले.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवावे, असा त्याचा आशय. दोन-चार दिवसांत तो मोबाइलवरून जंगलातल्या गावागावांत पोचला. मामूंचा फोन आला. "बेटा, तू मास्टरनी है, ये आर्डर पढ़ के बता. हमको कब निकालते?" २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे नाकारताना कायद्याची रीत पाळली गेली का, हे राज्यांकडून मागवले. मधल्या पंधरा दिवसांत मामूंनी बियाण्यासाठी ठेवलेले धान विकून टाकले होते. पेरायचेच नाही तर बियाणे कशाला?

त्या पंधरा दिवसांत आम्ही कायदा वाचायला घेतला. इंग्रजी मूळ एका बाजूला, मराठी तर्जुमा दुसऱ्या बाजूला, मध्ये उर्दूची लुगत. आदिवासी नसलेल्यांना हा कायदा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्या, पंचवीस वर्षांची एक याप्रमाणे ७५ वर्षे, जो मुख्यतः जंगलात राहत आला आणि गुजराणीसाठी जंगलावर अवलंबून आहे, तो या व्याख्येत बसतो. जमिनीच्या ताब्याची अट निराळ्या कलमात आहे आणि ती इतकीच की १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताबा असावा. म्हणजे ७५ वर्षे राहण्याची आहेत, त्याच तुकड्यावर नांगर फिरवण्याची नाहीत. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने तसा खुलासाही केलेला आहे. पण गावपातळीवर अजून '७५ वर्षे जमीन कसल्याचा पुरावा आणा' असेच सांगितले जाते. राहणे आणि कसणे, दोन क्रियापदांची गल्लत, आणि त्यात दोन एकर.

आम्ही व्याकरण शिकवणारी माणसे. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो हे सातवीच्या मुलांना सांगतो. आमच्या बी.एड.मध्ये, तेव्हा तो एक वर्षाचा होता, 'धोरण' हा शब्द एकदाच आला होता: १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्याच्या शिफारशी, दहा गुण. धोरण कोणी लिहिते, त्यातला एकेक शब्द कोणीतरी निवडलेला असतो, तो शब्द खाली येता येता वाकतो आणि कोणाच्या तरी अंगणात पडतो, हे आम्हांला मामूंच्या फोनने शिकवले.

दुसरा धक्का शाळेतच बसला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली. आमची नेमणूक झाल्यापासून ते फॉर्म भरणे हे आमचेच काम. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली आणि फक्त नववी-दहावीची ठेवली. कारण असे दिले की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. ऐकायला अगदी बरोबर. पण ज्या शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी आमच्या सहावीत होती, तिला त्या रकमेतून दप्तर आणि पावसाळी चप्पल घ्यायची होती, फी भरायची नव्हती. ती शाळेत आली आणि म्हणाली, "बाजी, बंद केली तर केली, पण विचारलं कोणाला?" त्याच डिसेंबरात संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद होत असल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. तिथे कारण निराळे होते, इतर फेलोशिपशी ती जुळते असे. बाईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला हवे होते. म्हणजे 'कोणाला विचारले' याचेच. राग तर सगळ्यांपाशी आहे.

आमच्या सभा-संमेलनांतून सच्चर समितीचे नाव घेतल्याशिवाय भाषण पूर्ण होत नाही. नोव्हेंबर २००६ चा तो अहवाल आहे. आपल्या राज्यात महमूदुर रहमान यांच्या अभ्यासगटाने २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. २०१४ च्या जुलैत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवून शिक्षणातले चालू राहू दिले. पण अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि डिसेंबरात तो मुदत संपून गेला. या एका वाक्यात किती दारे आहेत पाहा: समिती, अहवाल, मंत्रिमंडळ, अध्यादेश, न्यायालय, विधिमंडळ. प्रत्येक दारावर कोणीतरी काहीतरी लिहिते. आम्ही अहवालातली आकडेवारी मुशायऱ्यातल्या शेरासारखी म्हणतो आणि दाद घेऊन घरी जातो. अहवालावर कारवाई कशी होते किंवा कशी राहते, हे शिकवणारा एक आख्खा विषय विद्यापीठांत आहे, हे आम्हांला पस्तिशीत कळले.

आता डिग्रीविषयी. ज्यांच्या घरात एखादी मुलगी पदवी होऊन बसली आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण हे दोन विषय शेजारी राहतात, पण एक नाहीत. लोकप्रशासन विचारते की हुकूम वरून खाली कसा जातो. खाते, अधिकारी, अंदाजपत्रक, पंचायत. धोरणाचा विषय विचारतो की हाच हुकूम का, दुसरा का नाही, त्याचा खर्च कोणावर, फायदा कोणाला, आणि नंतर मोजले का. म्हणून त्यात अर्थशास्त्र असते, संख्याशास्त्र असते, कायदा असतो. मुंबईच्या आयआयटीत धोरण-अभ्यासाचे केंद्र आहे आणि तिथे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मिळते. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ती २०१४ पासून आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या हैदराबाद शाखेतही हा विषय शिकवतात. पदवी कोणत्याही शाखेची चालते, हे वाचून आम्हांला फार बरे वाटले. पुढचे वाचून कमी बरे वाटले. शिकवणे इंग्रजीत, पूर्ण वेळ, वसतिगृहात राहून, आणि बहुतेक ठिकाणी फी लाखांत. दोन मुले, थकलेल्या सासूबाई, घराचा हप्ता, आणि दोन वर्षांची बिनपगारी रजा. शौहर म्हणाले, "जाना है तो जाओ, हम देख लेंगे." ते मनापासून म्हणाले. पण आम्हांला ठाऊक आहे की त्यांना कुकरची शिटी मोजता येत नाही.

मग हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ. संसदेच्या कायद्याने १९९८ मध्ये स्थापन झालेले. तिथे लोकप्रशासनाची एम.ए. उर्दूतून करता येते. उर्दूत या विषयाचे नाव 'नज़्म-ओ-नस्क-ए-आम्मा'. धोरणाला उर्दूत 'हिकमत-ए-अमली' म्हणतात, अमलात आणायची हिकमत. मराठीत 'धोरणी माणूस' म्हटले की ऐकणारा खिसा सांभाळतो. उर्दूत तोच शब्द हकीमसाहेबांच्या दवाखान्यातून आल्यासारखा वाटतो. हैदराबादने आमचे मन फार ओढले. ज्या जबानीत पहिली ते दहावी शिकलो, ज्यात रोज शिकवतो, त्याच जबानीत एवढा मोठा विषय! पण तिथेही मुक्काम आला. आणि एक गोष्ट मनात अडली. शिकून परत आल्यावर ज्या कागदाशी गाठ पडायची तो शासन निर्णय मराठीत असतो, ज्या ग्रामसभेत बसायचे ती गोंडीत किंवा माडियात बोलते, आणि न्यायालय इंग्रजीत. उर्दूत शिकलेले या तिन्ही दारांतून पुन्हा तर्जुमा करून न्यावे लागणार.

नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य शासन असा जुना विभाग आहे. पण चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. नोकरी सांभाळून रोजचे वर्ग होत नाहीत. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला झाले तेव्हा आपल्या भागाचे विद्यापीठ म्हणून आम्ही आनंदाने पेढे वाटले होते. तरी तेही नदीपलीकडे, सत्तर-ऐंशी किलोमीटर. शेवटी उरले इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. घरी पुस्तके, स्वाध्याय लिहून पाठवायचे, जून-डिसेंबरात परीक्षा, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. तिथेही पुन्हा दोन रस्ते. लोकप्रशासनाची एम.ए. आणि ग्रामीण विकासाची एम.ए.

पहिल्या रस्त्यावर धोरणाचे पेपर अधिक आहेत, हे खरे. नावही भारदस्त. आम्ही वही घेऊन दोन्ही अभ्यासक्रम समोरासमोर लिहिले. पण निवड त्या वहीतून झाली नाही. ती मेंढ्याला झाली.

मेंढा-लेखा हे गाव गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना लागते. शंभरेक घरांचे, गोंडांचे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. मर्दा आणि मेंढा ही तशी देशातली पहिली गावे. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे. हक्क कागदावर, बांबू बेटात. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दीड-दोन वर्षांत कायदा तोच होता, शब्द तेच होते. एका लहानशा पुस्तकाची मालकी बदलायची होती.

एका रविवारी आम्ही शाळेतल्या दोन बाजींना घेऊन तिथे गेलो. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' वाचलेले होते, तरी डोळ्यांनी पाहायचे होते. देवाजी तोफा यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांच्यासोबत अनेक वर्षे काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्या दोघांनी गावात काय रुजवले, तर अभ्यास गट. गावातली माणसे आणि बाहेरचे जाणकार बसतात, एखादा कायदा, एखादा प्रश्न घेऊन बोलतात. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही बहुमताने नाही, सर्वांची सहमती झाल्यावर. सहमती होईपर्यंत थांबतात. शिकलेल्याने सांगायचे आणि बाजूला सरकायचे, ही रीत आम्हांला कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडली नव्हती. आमच्याकडे शिकलेला माणूस सांगतो, ठरवतो आणि आभारप्रदर्शनही करतो.

परतताना एसटीत आमच्या एका बाजीने विचारले, "मग यांच्यात मुंबईहून धोरण शिकून आलेला माणूस काय करेल?" आम्ही म्हणालो, त्याला मुंबईला दोन वर्षे राहून परत यावे लागेल, तोवर इथल्या बऱ्याच बैठका होऊन गेलेल्या असतील. हे आम्ही मुंबईला हिणवण्यासाठी म्हटले नाही. वीस-बावीसच्या मुलीने जरूर मुंबईला, बंगळूरला, हैदराबादला जावे. फी परवडत नसेल तर समाजाने गोळा करावी. आपल्याकडे लग्नाच्या हॉलसाठी होतेच. त्या मोठ्या संस्थांतून निघणारी माणसे मंत्रालयात मसुदे लिहायला बसतात आणि त्यांच्यात आपली मुले हवीत. पण आमच्यासारखीने, जिला घर सोडता येत नाही, अशी डिग्री निवडावी की शनिवारी वाचलेले रविवारी वापरता येईल.

अब्बांचे म्हणणे मात्र वेगळे होते. अब्बा पूर्वी तेंदूच्या हंगामात फडमुन्शी होते. एप्रिल-मेमध्ये जंगलातल्या फडावर बसून पुडे मोजायचे. एका पुड्यात ७० पाने, हजार पुड्यांची एक गोणी. त्यांची वही उर्दूत, आकडे मराठीत. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती गेलेला. सरकार घटकांचा लिलाव करी, ठेकेदार घेई, अब्बा मोजत. वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतःच तेंदू विकू लागल्या. आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने, ज्याला २०१२ मध्ये हजार हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तेंदू तोडणेच बंद करायचे ठरवले. बांबूवर भागवू म्हणाले. आम्ही ही गोष्ट अब्बांना कौतुकाने सांगितली. ते भडकले. "पत्ता छोड़ दिया? मई के महीने में घर में पैसा कहाँ से आता?" मग बराच वेळ गप्प बसले. कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटतात, जंगलाला आग लावतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले होते. "आग में मोर के अंडे भी जलते थे," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "लेकिन मई में पैसा भी चाहिए." दोन्ही वाक्ये खरी. आमच्या मते धोरणाचा सगळा विषय या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. अब्बांना आम्ही हे सांगितले नाही, ते म्हणाले असते, मग डिग्री कशाला.

आता शीर्षकातला शब्द. मामूंचा दावा पुन्हा उभा करायचा तर तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा हवा. नियमांत पुराव्यांची लांब यादी आहे: जनगणना, गॅझेटियर, बंदोबस्ताचे कागद, मतदार ओळखपत्र, इतकेच नव्हे तर दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही. आम्ही जुन्या बंदोबस्ताची मिसल पाहायला अर्ज केला. तारीख मिळाली, गेलो. कापडात बांधलेले बस्ते, धूळ, एक वयस्कर कारकून. त्यांनी पान उलटले आणि बोट ठेवले, "हे वाचा मॅडम, वाजिबुलर्ज. आम्हांला याचा अर्थ विचारू नका, आम्ही नुसते असे म्हणतो."

अर्थ आम्हांला येत होता. वाजिब-उल-अर्ज: जे अर्ज करण्याजोगे आहे ते, जे मांडणे वाजवी आहे ते. मालगुजारीच्या काळात गावाचे रिवाज त्यात लिहीत. कोणी कोणते लाकूड घ्यावे, ढोरे कुठे चरावीत, तळ्याचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जावे, रस्ता कुठून. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, जंगले सरकारजमा झाली, रिवाजांचे निस्तारपत्रक झाले, आणि हळूहळू ते बस्त्यात बांधले गेले. मेंढ्यासारख्या गावांनी सामूहिक दाव्यासाठी याच निस्ताराच्या नोंदी बाहेर काढल्या. त्या खोलीत उभे असताना आम्हांला एक गंमत जाणवली. मौजा, खसरा, तहसील, जिल्हा, हक्क, दाखला, वारस, मंजूर, नामंजूर. लिपी देवनागरी, पण शब्द सगळे आमच्या ओळखीचे. डिग्री इंग्रजीत का हिंदीत या चिंतेत आम्ही दोन वर्षे घालवली, आणि सर्वांत खालचा कागद आमच्याच जबानीत बोलत होता. उर्दू मिडियमचा काय उपयोग, असे विचारणारे चंद्रपुरात पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही आता त्या खोलीचा पत्ता देतो.

मिसलीत मामूंच्या पणजोबांचे नाव सापडले. 'शेख'चे 'सेक' झाले होते, पुढे 'पिंजारी' असा धंदा. नाव स्पष्ट, गाव स्पष्ट.

त्यामुळे निवड झाली. ग्रामीण विकासाची एम.ए., हिंदी माध्यम, जानेवारी २०२५ चे सत्र. लोकप्रशासन सोडण्याचे मुख्य कारण एकच की ग्रामीण विकासात शोधनिबंध लिहावा लागतो, आणि आम्हांला लिहायचे होते. विषय 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांतही बिगरआदिवासी कारागीर घरे, पिंजारी, ढिवर, लोहार, कुंभार. मुसलमानांपुरते लिहिले असते तर मामूंच्या शेजारचा ढिवर, ज्याचा दावा त्याच कारणाने अडला आहे, बाहेर राहिला असता. आमच्या एका नातेवाइकाला हे पटले नाही. "अपनी कौम पर लिखो." आम्ही म्हणालो, कायद्यात तो आणि मामू एकाच व्याख्येत बसतात, आम्ही त्यांना वेगळे कसे करणार?

संस्थेची ना-हरकत मिळायला चार महिने लागले. 'बाईंना राजकारणात जायचे आहे का' अशी चौकशी झाली म्हणे. मग १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक असलेल्या, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. आमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची, आमची नेमणूक टीईटी यायच्या आधीची. स्टाफरूममध्ये आता एलआयसीचा विनोद कोणी करत नाही. निकालाची प्रत आमच्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "बाजी, जरा हे कलम वाचून सांगा." आम्ही वाचून सांगतो, आणि रात्री टीईटीचे पुस्तक आणि इग्नूचे पुस्तक आलटून पालटून उघडतो. शौहर आता तिसऱ्या शिटीला गॅस बंद करतात.

मामूंच्या दाव्यात एक नवी अडचण आहे. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत दाद मागायची असते, आणि इथे वर्षे गेली. पण २०१२ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे दावा नाकारला तर कारणासह दावेदाराला कळवायचे असते. कळवलेच नाही तर ६० दिवस कुठून मोजायचे? हा मुद्दा आम्ही गावच्या वनहक्क समितीपुढे ठेवला. समितीत बहुसंख्य गोंड, एक तृतीयांश बाया. सर्वांत म्हाताऱ्या आजींनी गोंडीत काहीतरी सांगितले, सगळे हसले. अध्यक्षांनी मराठीत सांगितले की आजींच्या लग्नातली गादी मामूंच्या आज्याने भरली होती आणि ती अजून घरात आहे. आजींचे निवेदन लिहून घ्यायचे ठरले.

शोधनिबंधाचा आराखडा हिंदीत लिहून मंजुरीला पाठवला आहे. मिसलीच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज दिला आहे, नक्कल अजून यायची आहे. मामूंनी यंदा बियाण्याचे धान विकले नाही.